भाद्रपदाच्या आधी

मराठीत या शस्त्रक्रियेसाठी निदान तीन शब्द आहेत. ‘खच्ची करणं’ हा गोठ्यातला, ‘नसबंदी’ हा सरकारी दवाखान्यातला आणि ‘निर्बीजीकरण’ हा महापालिकेच्या कागदांवरचा. गेल्या आषाढात हे तिन्ही शब्द मला एकाच आठवड्यात ऐकावे लागले. बाबा गावाकडून फोनवर म्हणाले, “कुत्रीला कुणी खच्ची करतं होय रे?” सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी तीन लाल उद्गारचिन्हं टाकून ‘पाळीव कुत्र्यांची नसबंदी करून घ्या’ असं फर्मान काढलं. आणि व्हेटच्या टेबलावर जो फॉर्म माझ्यासमोर आला, त्यावर लिहिलं होतं ‘निर्बीजीकरण संमतीपत्र’.

विषय होता मिरी. सात महिन्यांची, पंधरा किलोची, काळ्या नाकाची गावठी कुत्री. हल्ली इन्स्टाग्रामवर तिच्या जातीला ‘इंडी’ म्हणतात. मार्गशीर्षात पुण्यातल्या आमच्या पार्किंगमध्ये जन्मलेल्या पाच पिल्लांपैकी उरलेली ही एकटी. आता ती माझ्या वन बीएचकेत माझ्या स्टँडअप मीटिंगमध्ये भुंकते.

निर्णयाला मुदत होती आणि ती मुदतही भाषेतच लपलेली होती. ‘भाद्रपदातलं कुत्रं’ ही शिवी आपण सगळ्यांनी ऐकली आहे. तिच्यात जीवशास्त्राचं निरीक्षण आहे: आपल्याकडची रस्त्यावरची कुत्री बहुतेक करून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या शेवटी माजावर येतात. साधारण त्रेसष्ट दिवसांचा गर्भकाळ धरला, तर पिल्लं कार्तिक-मार्गशीर्षात येतात. मिरीचा जन्म त्याच हिशेबात बसतो. म्हणजे तिचा पहिला माज भाद्रपदाच्या आसपास येणार, आणि जे काही ठरवायचं ते त्याआधी ठरवायचं.

मी वाचायला बसलो. तीन रात्रींत माझ्याकडे चाळीस टॅब उघडे होते आणि प्रत्येक टॅब दुसऱ्याच्या विरुद्ध बोलत होता. एक म्हणे, सहा महिन्यांच्या आत केलं नाही तर कॅन्सर. दुसरा म्हणे, वर्षाच्या आत केलं तर सांधे जातील. तिसरा म्हणे, नॉर्वेत हे बेकायदा आहे. चौथा म्हणे, हे न करणारा माणूस बेजबाबदार आहे.

आमच्या धंद्यात एक साधा नियम असतो: स्टॅक ओव्हरफ्लोवरून उत्तर उचलण्याआधी वरचा प्रश्न वाचावा. उत्तर बरोबर असतं, पण ते दुसऱ्याच कुणाच्या प्रश्नाचं असतं. कुत्र्यांच्या या शस्त्रक्रियेबद्दल आज जी मतं आपल्यावर आदळतात, त्यांतल्या प्रत्येकामागे एक गाव, एक साल आणि एक अडचण आहे. म्हणून मी सल्ले बाजूला ठेवले आणि ते प्रश्न शोधायला निघालो.

गोठा

बाबांचा प्रश्न सगळ्यात जुना, म्हणून आधी तो.

माझे आजोबा कोरेगाव तालुक्यात शेती करायचे. गोऱ्हा औताला जुंपायच्या वयाचा झाला की त्याला ‘बडवायचे’. शब्दच पद्धत सांगतो. वृषणाकडे जाणाऱ्या नसा दगडा-लाकडाच्या मध्ये धरून ठेचायच्या. न बडवलेल्या जनावराला ‘अंडील’ म्हणत. विसाव्या शतकात बर्डिझो नावाच्या इटालियन पशुवैद्याचा चिमटा आला. कातडी न कापता तो आतली नस चिरडतो. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यांमधून हा चिमटा इकडेही पोहोचला आणि बडवण्यातलं निदान रक्त आणि जखम तरी गेली.

इथला प्रश्न एकच होता: जनावर कामाला कसं लावायचं? अंडील बैल एकमेकांवर धावून जातात आणि गाईमागे औत घेऊन पळतात, खच्ची केलेला बैल सरळ चालतो. पैदाशीसाठी एखादा वळू मोकळा ठेवला की गावाचं भागायचं. ‘खच्ची’ हा शब्द अरबी-फारसीतून आला आणि या उपयोगातून मराठीत इतका मुरला, की आज वर्तमानपत्रांत कार्यकर्त्यांचं ‘खच्चीकरण’ होतं, टीमचं ‘मानसिक खच्चीकरण’ होतं. म्हणजे आपल्या भाषेत या क्रियेचा अर्थ ‘हिंमत काढून घेणं’ असा ठरून गेला आहे. नर कुत्रा पाळणारे अनेक पुरुष या शस्त्रक्रियेचं नाव काढताच पाय जवळ का घेतात, त्याचं एक कारण शब्दकोशात आहे.

मादीवर ही शस्त्रक्रिया करणं मात्र आपल्या गोठ्याला माहीत नव्हतं, कारण गाय-म्हैस वेतावरच दूध देते. इतर ठिकाणी ती माहीत होती. तेवीसशे वर्षांपूर्वी ॲरिस्टॉटलनं प्राण्यांवरच्या ग्रंथात लिहून ठेवलं आहे, की डुकरिणींचे बीजांडकोश कापून काढतात म्हणजे त्या लवकर पुष्ट होतात, आणि युद्धावर न्यायच्या उंटिणींवरही अशीच शस्त्रक्रिया करतात म्हणजे त्या ऐन मोहिमेत गाभण राहत नाहीत. तिथेही प्रश्न तोच: मांस किंवा काम.

गावच्या कुत्र्याला मात्र कुणी हात लावला नाही. दयेचा त्यात संबंध नव्हता. कुत्रा ना औत ओढत होता, ना दूध देत होता. तो कुणा एकाचा नव्हता, त्यामुळे त्याची पिल्लंही कुणाची नव्हती. बाबांच्या ‘कुत्रीला कुणी खच्ची करतं होय’ या प्रश्नाचं ऐतिहासिक उत्तर असं: नाही बाबा, आपल्याकडे कुणी करत नव्हतं, कारण त्यात कुणाचा फायदा नव्हता.

रस्ता

मग शहर आलं, आणि शहराचा प्रश्न वेगळा होता: कुत्री किती आणि पिसाळलेली कोणती?

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईचं उत्तर होतं मारणं. उन्हाळ्यात मोकाट कुत्री मारायची, मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे पैसे. ६ जून १८३२ला फोर्ट भागात शिपाई कुत्री मारत फिरत असताना पारशी लोकांनी त्यांना अडवलं आणि चोप दिला. पारशी धर्मात कुत्र्याला फार मोठं स्थान आहे, अंत्यविधीतसुद्धा कुत्र्याची नजर लागते. त्यात तो दिवस त्यांच्या सणाचा. दुसऱ्या दिवशी शहर बंद. पारशांच्या बरोबरीनं हिंदू, जैन आणि इस्माइली व्यापारीही उतरले, दुकानं मिटली, कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडली. लष्कर बोलवावं लागलं. आज हे प्रकरण ‘बॉम्बे डॉग रायट्स’ या नावानं इतिहासात नोंदलेलं आहे. दोनच वर्षांनी, १८३४मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकारानं मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला.

एवढं होऊनही मारणं थांबलं नाही. मुंबई महापालिका थेट १९९४पर्यंत कुत्री मारत होती, शेवटच्या काळात विजेचा धक्का देऊन. मद्रासमध्ये महापालिकेनं १८६०च्या सुमारास सुरुवात केली आणि तिथल्या ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’च्या म्हणण्यानुसार १९९०च्या दशकाच्या मध्यात दिवसाला सव्वाशेहून जास्त कुत्री मारली जात होती. मारलेल्या कुत्र्यांची संख्या एवढी, की १९७०च्या दशकात मद्रासच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं त्यांच्या कातड्यापासून टाय आणि पाकिटं तयार करून पाहिली.

या संस्थेशी जोडलेला एक माणूस मला विशेष जवळचा वाटतो, कारण तो पशुवैद्य नव्हता, इंजिनिअर होता. कॅप्टन व्ही. सुंदरम यांनी १९५९मध्ये ब्लू क्रॉस स्थापन केली. त्यांचे चिरंजीव डॉ. एस. चिन्नी कृष्णा हे केमिकल इंजिनिअर. शंभर वर्षं मारूनही कुत्र्यांची संख्या आणि रेबीजचे बळी कमी होत नसतील, तर पद्धत चुकीची आहे, हा त्यांचा सरळ हिशेब. का कमी होत नाहीत? कचरा तेवढाच राहतो. दहा कुत्री मारली की शेजारच्या भागातली दहा त्या उकिरड्यावर येतात, आणि ती लस न घेतलेली असतात. १९६४पासून ते महापालिकेला सांगत होते: पकडा, शस्त्रक्रिया करा, रेबीजची लस द्या आणि जिथून उचललं तिथंच सोडा. नाव दिलं ‘ॲनिमल बर्थ कंट्रोल’, कारण त्याची आद्याक्षरं ए-बी-सी होतात आणि काम तितकं सोपं आहे हे अधिकाऱ्यांच्या डोक्यात बसावं. महापालिकेच्या डोक्यात बसायला बत्तीस वर्षं लागली. १९९६मध्ये मद्रासनं हा कार्यक्रम सुरू केला. २००१मध्ये केंद्र सरकारनं याच तत्त्वावर देशभरासाठी नियम काढले, २०२३मध्ये ते बदलून नवे केले.

हे चालतं का? जयपूरमध्ये १९९४ ते २००२ या काळात सुमारे पंचवीस हजार कुत्री पकडून लस दिली गेली, शस्त्रक्रिया मुख्यतः माद्यांवर झाल्या. कार्यक्रमाच्या हद्दीतल्या साधारण ६५ टक्के माद्या त्यात आल्या. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली आणि त्या हद्दीत माणसांना होणारा रेबीज शून्यावर आला. माद्याच का, हे साधं गणित आहे. दहातल्या नऊ नरांवर शस्त्रक्रिया केली तरी उरलेला एक सगळ्या माद्यांना पुरतो. दहातल्या नऊ माद्यांवर केली तर पिल्लांची एकच वीण होते. आणि काम अर्धवट सोडलं, तर दोन-तीन भाद्रपदांत संख्या पुन्हा होती तिथं येते. ऑगस्ट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आधी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला आणि अकरा दिवसांनी त्यात बदल करून, पिसाळलेली आणि आक्रमक सोडून बाकीची शस्त्रक्रिया व लसीनंतर परत सोडायला सांगितलं. १८३२चा वाद अजून मिटलेला नाही, हेच त्यातून दिसलं.

माझ्या पिढीला या इतिहासातली एक गोष्ट घरातून माहीत असते: ‘पोटात चौदा इंजेक्शनं’. मेंढीच्या मेंदूत वाढवलेल्या विषाणूपासून केलेली ती जुनी लस भारतात या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दिली जात होती. ज्यांनी ती घेतली, त्यांना कुत्र्यांच्या संख्येचा प्रश्न कागदावरचा वाटत नाही. तो खरा प्रश्न आहे.

पण तो मिरीचा प्रश्न आहे का? अर्धाच. २००१च्या नियमांनी कुत्र्यांचे दोन भाग केले, पाळीव आणि रस्त्यावरची, आणि पाळीवांच्या पैदाशीची, लसीची आणि शस्त्रक्रियेची जबाबदारी मालकावर टाकली. मिरी पट्ट्याला बांधून फिरते. तिच्यामुळे शहरात एकही कुत्रा वाढणार नसेल, तर शहराचं उत्तर तिच्यावर जसंच्या तसं लादायचं कारण नाही. सोसायटीच्या ग्रुपवरचं फर्मान शहराच्या प्रश्नाचं उत्तर होतं, मिरीच्या तब्येतीचा त्यात विचार नव्हता.

‘नसबंदी’ या शब्दाचं ओझंही इथेच उतरवून ठेवतो. १९७६-७७ या आणीबाणीच्या एका वर्षात देशात ऐंशी लाखांहून जास्त माणसांच्या नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या, अनेकांच्या सक्तीनं किंवा दबावाखाली. त्यांतले तीन चतुर्थांश पुरुष होते. त्यानंतर पुरुषांनी या शस्त्रक्रियेकडे जी पाठ फिरवली ती आजपर्यंत, आणि कुटुंब नियोजनाचा सगळा भार बायकांवर गेला. दुसऱ्याच्या शरीराबद्दल दुसऱ्याच कुणी ‘टार्गेट’ ठरवलं की काय होतं, हे या शब्दात साठून राहिलं आहे. त्यामुळे तो ऐकताच थोडं अस्वस्थ वाटलं, तर त्यात गैर काही नाही.

परदेशातली दोन उत्तरं

माझ्या टॅबमधला ‘सहा महिन्यांच्या आत करा’ हा सल्ला अमेरिकेतून आला होता. तिथला प्रश्न होता शेल्टर. १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या शेल्टरांमध्ये दरवर्षी एक कोटीहून जास्त कुत्री-मांजरी मारली जात होती, असा अंदाज आहे. ही बहुतेक घरांतून आलेली, नको झालेली पिल्लं. १९७१मध्ये लॉस एंजेलिस शहरानं कमी पैशांत शस्त्रक्रिया करणारा महापालिकेचा दवाखाना उघडला. मग शाळांतून, टीव्हीवरून, व्हेटच्या भिंतीवरून एकच संदेश गेला: चांगला मालक शस्त्रक्रिया करून घेतो. आज तिथल्या शेल्टरांमधला तो आकडा दहा लाखांच्या आसपास किंवा खाली आला आहे. त्या प्रश्नाला ते उत्तर लागू पडलं. लवकर करा, कारण लोक विसरतात, आणि विसरले की पिल्लं होतात.

आता नॉर्वे. तिथल्या २००९च्या प्राणी कल्याण कायद्यानुसार प्राण्याच्या तब्येतीचं योग्य कारण असल्याशिवाय त्याच्या शरीराचा भाग काढता येत नाही. सरसकट शस्त्रक्रिया तिथं होत नाही, तरी ऑस्लोच्या रस्त्यांवर कुत्र्यांच्या झुंडी नाहीत. कारण मालक कुत्र्याला पट्ट्याशिवाय सोडत नाही, कचरा उघडा नसतो आणि नको झालेलं पिल्लू पुलाखाली सोडण्याची रीत नाही. स्वीडनमध्येही अनेक वर्षं बहुतेक कुत्र्या शस्त्रक्रियेविनाच राहिल्या. म्हणजे ‘केलं नाही तर शहर कुत्र्यांनी भरेल’ हा निसर्गनियम नाही, ते समाजाच्या सवयींवर अवलंबून आहे.

पण स्वीडननं नकळत आणखी एक काम केलं. तिथं बहुसंख्य कुत्र्यांचा विमा असतो, आणि विमा म्हटलं की डेटा आला. लाखो कुत्र्या शस्त्रक्रियेविना जगल्या तर त्यांचं काय होतं, हे त्या नोंदींतून दिसलं. वयाच्या दहाव्या वर्षापर्यंत साधारण चार-पाचांतल्या एकीला ‘पायोमेट्रा’ झाला. म्हणजे गर्भाशयात पू. माजानंतर काही आठवड्यांनी कुत्री खूप पाणी प्यायला लागते, खाणं सोडते आणि वेळेत पोट उघडलं नाही तर दगावते. हा आकडा मी दोनदा तपासला. शस्त्रक्रिया न करण्याचीही किंमत असते आणि ती कुत्रीच्या शरीरातून वसूल होते, हे नॉर्वेचं उदाहरण देणाऱ्या रीलमध्ये कुणी सांगत नाही.

अर्धा टक्का

आता माझ्या टॅबमधला सगळ्यात प्रसिद्ध तक्ता. पहिल्या माजाआधी शस्त्रक्रिया केली तर स्तनांच्या कॅन्सरचा धोका ०.५ टक्के, एका माजानंतर ८ टक्के, दोन किंवा जास्त माजांनंतर २६ टक्के. रंगीत चौकटीत हा तक्ता तुम्हीही पाहिला असेल. तो पाहून कुणालाही वाटेल, की दोन माज झालेल्या शंभर कुत्र्यांपैकी सव्वीस जणींना कॅन्सर होतो.

तसं नाही. हे आकडे १९६९मध्ये कॅलिफोर्नियातल्या श्नायडर, डॉर्न आणि टेलर या संशोधकांच्या निबंधातले आहेत आणि ते तुलनेचे आहेत. शस्त्रक्रिया न झालेल्या कुत्रीचा जो काही धोका असेल, तो १०० धरला, तर दोन माजांनंतर केलेलीचा २६, एका माजानंतर ८ आणि आधी केलेलीचा अर्धा. मूळ धोका शंभरात दहा असेल, तर २६ टक्क्यांचा अर्थ शंभरात अडीच-तीन. म्हणजे तक्ता खोटा नाही, पण त्याचा ‘शंभर’ कुठला हे वाटेत गळून पडलं. २०१२मध्ये इंग्लंडमधल्या संशोधकांनी या विषयावरचे सगळे अभ्यास चाळले आणि निष्कर्ष काढला, की लवकर शस्त्रक्रियेनं स्तनांचा कॅन्सर टळतो याला असलेला पुरावा कमकुवत आहे. फायदा नाही असं त्यांनी म्हटलेलं नाही. छातीठोकपणे सांगण्याइतका भक्कम आधार नाही, एवढंच.

सांध्यांची भीतीही अशीच शोधत गेलो. २०१३मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी ७५९ गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत शस्त्रक्रिया झालेल्या नरांत खुब्याच्या सांध्याचा विकार १० टक्के, शस्त्रक्रिया न झालेल्यांत त्याच्या निम्मा. गुडघ्याचा लिगामेंट फाटणं शस्त्रक्रिया न झालेल्यांत एकालाही नाही, लवकर केलेल्या नरांत ५ टक्के आणि माद्यांत ८ टक्के. कारणही पटण्यासारखं आहे. हाडांची वाढ थांबवण्याची खूण लैंगिक हार्मोन्स देतात. ते आधीच काढून घेतले, तर लांब हाडं थोडी जास्त वाढतात आणि सांध्यांचा मेळ बिघडतो.

ज्यांच्या घरी गोल्डन किंवा लॅब्रॅडॉर आहे, त्यांनी हे गांभीर्यानं घ्यावं. पण याच गटानं २०२०मध्ये ३५ जातींचा अभ्यास छापला, तेव्हा लहान जातींत असा परिणाम जवळपास दिसला नाही. मिश्र जातींच्या कुत्र्यांचा त्यांनी वजनानुसार वेगळा अभ्यास केला, त्यात वीस किलोंच्या खालच्या कुत्र्यांचा सांध्यांचा धोका वाढलेला आढळला नाही. मिरी पंधरा किलोंची. दोन रात्री मला जागं ठेवणारी भीती दुसऱ्याच कुत्र्याची होती.

आईचा प्रश्न

आईला या कशाशी देणंघेणं नव्हतं. तिचं म्हणणं एका वाक्याचं होतं. “एकदा तरी पिल्लं होऊ देत रे तिला. मग काय ते कर.”

हे वाक्य हसण्यावारी नेणं मला जमलं नाही. एकदा वीण झाली की कुत्रीची तब्येत सुधारते, याला वैद्यकात आधार नाही. पण आई तब्येतीबद्दल बोलतच नव्हती. एका जीवाला जे निसर्गानं दिलं, ते आपण आपल्या सोयीसाठी काढून घ्यावं का, असं ती विचारत होती. वर ती म्हणाली, “तिला विचारलंस का?”

मी तिला पिल्लांबद्दल सांगितलं. कोलकात्याच्या आयसर या संस्थेतल्या डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटानं पश्चिम बंगालमध्ये रस्त्यावरच्या ९५ विणींमधली ३६४ पिल्लं मोठी होईपर्यंत पाहिली. सात महिन्यांपर्यंत जगली फक्त १९ टक्के. मेलेल्यांपैकी ६३ टक्क्यांच्या मरणाला कुठं ना कुठं माणूस कारणीभूत होता: गाड्या, मार, विष, उचलून दूर नेऊन टाकणं. मिरीची चार भावंडं याच हिशेबात गेली, दोन तर आमच्याच सोसायटीच्या गेटसमोर, गाड्यांखाली.

मिरीची पिल्लं रस्त्यावर नाही, घरात जन्मतील, हे खरं. पण पाच-सहा गावठी पिल्लांना पुण्यात घरं मिळवून बघा. माझ्या ओळखीच्या एका मुलीनं सहा पिल्लांसाठी तीन महिने पोस्ट टाकल्या. चार गेली. त्यांतली दोन परत आली, कारण घरमालक नाही म्हणाला. ‘एकदा तरी’ म्हणताना आपल्या डोळ्यांसमोर टोपलीतली पिल्लं असतात, सहा महिन्यांची उंडगी नसतात.

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “आपल्या वाड्यामागं दरवर्षी व्यायच्या कुत्र्या. माघापर्यंत एखादं राहायचं. आम्ही म्हणायचो, गेली कुठंतरी.” गावात कुत्र्यांची संख्या कशी आटोक्यात राहायची, हे मी इतकी पानं वाचून जे शोधत होतो, ते तिनं एका वाक्यात सांगितलं. गावाकडे उत्तर नव्हतंच असं नाही. उत्तर होतं, ते थंडीत मरत होतं आणि आपण त्याला निसर्ग म्हणत होतो.

तिच्या दुसऱ्या प्रश्नाला मात्र माझ्याकडे उत्तर नाही. मिरीला विचारता येत नाही. तिला लस देताना, पट्टा बांधताना, तिसऱ्या मजल्यावर ठेवताना, कशालाच मी विचारलेलं नाही. पाळणं म्हणजेच तिच्या वतीनं ठरवणं. त्यामुळे ‘निसर्गावर सोडून दे’ हाही माझाच निर्णय ठरतो. त्याचे परिणाम फक्त तिला भोगावे लागतात.

मग काय ठरवलं

श्रावणाच्या दुसऱ्या आठवड्यात मी त्या फॉर्मवर सही केली. कारणं मांडतो, म्हणजे ज्याला माझी कारणं लागू नाहीत त्यानं माझं उत्तर उचलू नये.

एक, मिरी मादी आहे आणि पायोमेट्राचा धोका खरा आणि मोठा आहे. दोन, तिचं वजन कमी आहे, म्हणून सांध्यांसाठी वर्षभर थांबायची गरज नव्हती. तीन, मी राहतो ती गल्ली ऑस्लोत नाही. भाद्रपदात आमच्या गेटपाशी सात-आठ नर असतात आणि पट्टा एकदाच हातातून निसटावा लागतो. चार, जन्मणाऱ्या पिल्लांना देण्यासारखं माझ्याकडे काही नाही. स्तनांच्या कॅन्सरचा तक्ता मी या यादीत धरला नाही. तो थोडा बाजूनं आहे, पण माझा निर्णय त्यावर उभा नाही.

विरुद्ध बाजूलाही गोष्टी होत्या. शस्त्रक्रियेनंतर वजन वाढतं, काही कुत्र्यांचा पुढे लघवीवरचा ताबा सुटतो, आणि भूल ही भूल असते. यांतलं काही झालं, तर ते मी ठरवलेल्याचं फळ असेल. सोयीचा भागही होता. वर्षातले ते तीन आठवडे मला नको होते. हे कारण लपवून बाकीची चार पुढे करणं मला बरं वाटलं नाही, म्हणून तेही लिहितो.

माझ्याकडे नर गोल्डन असता आणि बंगल्याला कुंपण असतं, तर मी बहुतेक दीड-दोन वर्षं थांबलो असतो, कदाचित केलंही नसतं. गावी राहत असतो आणि कुत्री अंगणात मोकळी असती, तर आणखी आधी केलं असतं. तुमच्या व्हेटकडे जाल तेव्हा ‘करू की नको’ एवढंच विचारू नका. नर की मादी, पूर्ण वाढलेलं वजन किती होईल, किती वयात करायचं, माझ्या गल्लीत ती सुटली तर काय होईल, आणि नाही केलं तर कोणत्या लक्षणांवर नजर ठेवायची, हे विचारा. चांगला व्हेट या प्रश्नांवर वैतागत नाही.

शस्त्रक्रिया चाळीस मिनिटांची होती. दहा दिवस मिरी गळ्यात प्लास्टिकचा भोंगा घालून दारांना आपटत फिरली आणि मला प्रत्येक आपटण्याबरोबर बोलणी बसली. आईनं रोज फोन केला, पण विषय बदलून. अकराव्या दिवशी टाके निघाले, तेव्हा ती म्हणाली, “जेवते ना नीट?” आणि मग, “भाद्रपद कधी लागतोय बघ. बाहेर नेताना जपून, तिला नाही तरी त्या बाकीच्यांना कुठं ठाऊक आहे.”